नेमबाजीची प्रश्नोत्तरे: काडतूस नको, छर्रे निवडा

"वडिलांकडे परवान्याची रायफल आहे. परदेशात लोक हातानं चालवायच्या साध्या प्रेसवर रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात, तसं घरी सुरू करायचंय. कोणती अवजारं घेऊ?" (एक तरुण, जुळे सोलापूर)

एकही घेऊ नकोस. वडिलांचा परवाना रायफल बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. तो नसताना बनवला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं कैद आणि जास्तीत जास्त जन्मठेप. अमेरिकेत हा छंद उघडपणे चालतो, म्हणून त्याचे व्हिडिओ दिसतात. शिवाय दारूचं माप जरा चुकलं की चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागातला, दाब भलताच वाढतो, आणि त्या वेळी चेंबर तुझ्या डोळ्यापासून वीतभरावर असतं.

पण तुझी ओढ मला कळते. मापानं, बारकाईनं काही करावं आणि त्याचा परिणाम टार्गेटवर बघावा, एवढंच ना? ते सगळं एअर रायफलमध्ये आहे. ४.५ मिमी नळीची, २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. दुकानात ओळखपत्र मात्र दाखवावं लागतं.

"एअर रायफलचे छर्रे वजन करून, मापून निवडावेत म्हणतात. खरंच फरक पडतो का?" (महाविद्यालयीन नेमबाज, विजापूर रोड)

पडतो, पण तुम्ही समजता तिथे नाही.

सामन्याचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. १० मीटर जाईपर्यंत तो जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. वजनात २ टक्के फरक असला, तर छर्रा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतका वर-खाली लागेल. टार्गेटवर एका गुणाचं अंतर अडीच मिलिमीटर. दशांशात गुण मोजले जातात त्या पातळीवर एवढ्यानं फरक पडतो. तुम्ही अजून आठ-नऊवर असाल, तर वजनकाट्याचे पैसे सरावाच्या छर्र्यांना लावा.

खरं बघायचं ते घेराकडे. छर्र्याचं डोकं नळीतल्या पेचांवर, म्हणजे आतल्या पिळदार कंगोऱ्यांवर, बसतं आणि मागचा पातळ घेर हवेच्या दाबानं फुलून नळी बंद करतो. घेराला पोचा असला की नळीच्या तोंडाशी हवा एका बाजूनं आधी निसटते आणि छर्रा तिरका होऊन निघतो. माझ्या हातून एका स्पर्धेच्या आदल्या रात्री डबा फरशीवर पडला. वरवर बघितलं, ठीक वाटलं. दुसऱ्या दिवशी दहा, नऊ, दहा आणि मध्येच सात. मी स्वतःच्या श्वासाला दोष देत बसलो. घरी येऊन छर्रे काचेवर आडवे ठेवून एकेक लोळवला. चांगला छर्रा सुबक कमानीत फिरतो. पोचा आलेला अडखळतो, थांबतो. बरेच निघाले.

म्हणून काच आणि चांगला उजेड, एवढी अवजारं पुरेत. अडखळणारे बाजूला काढा आणि पोचा काडीनं सरळ करायला जाऊ नका. वापरलेले छर्रे तर पुन्हा कधीच नाहीत.

याहून मोठा फरक पडतो तो तुमच्या नळीला कोणता छर्रा मानवतो याचा. छर्र्याच्या डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असं येतं. दोन-तीन मापांचे डबे घ्या आणि रायफल टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा शॉट मारा. जुन्या चादरीचा तुकडा शिवून त्यात वाळू भरली की उत्तम टेकू होतो. ज्याची भोकं सगळ्यात जवळजवळ पडतात, म्हणजे ग्रुप सगळ्यात घट्ट येतो, तो डबा तुमचा, आणि त्यावरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेवा.

छर्रा शिशाचा असतो. हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरी-शेंगाचटणीला हात लावू नका.

"मुलगी १२ वर्षांची आहे. रायफल विकत घ्यावी का?" (गृहिणी, होटगी रोड)

ताई, आत्ता नको. सामन्याची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. वाढत्या अंगाला ती टेकूवरच शिकवावी. वर्षभर क्लबची वापरू द्या. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीतून निघालेल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं, ते वर्षानुवर्षांच्या सरावावर.

"नान्नजजवळ शेत आहे. ज्वारी दाण्यावर आली की पोपट नि डुकरं येतात. एअर रायफल चालेल का?" (शेतकरी)

दादा, नाही. पोपटाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि डुकराबाबतही वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही. तुमचा भाग तर माळढोकच्या अभयारण्याचा. छर्र्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन चार दिवस तडफडतं. हे मी बघितलंय, पुन्हा बघायचं नाही. माळ्यावरून गोफण फिरवा, पण दगड पाखरावर नाही, आवाजापुरता. डुकरांनी नुकसान केलं तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा.

"उन्हाळ्यात एअर रायफलचा हवेचा सिलिंडर गाडीत ठेवला तर चालतो का?"

नको. २०० बार दाबानं भरलेला सिलिंडर सोलापूरच्या एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवला की आतला दाब आणखी चढतो. घरात सावलीत ठेवा. त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते. तिच्यापासून कंपनीनं दिलेली वापराची मुदत (बऱ्याचदा १० वर्षं) उलटली असेल, तर कितीही कोरा दिसला तरी तो पुन्हा भरू नका.