डेबियनच्या (स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स सिस्टिम) लायब्ररी पॅकेजेससाठी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात ते कोड तिथे बसवता येईल असं बांधून द्यायला, माणसं गोळा करतोयस? मग हे वाच

अरे पहिली गोष्ट म्हणजे नव्या पोराला नवीन पॅकेज करायला लावू नकोस, सगळ्यांना तेच हवं असतं, स्वतःचं नाव लागतं ना, पण नवीन पॅकेजला न्यू क्यूमध्ये, म्हणजे नव्या पॅकेजच्या तपासणीच्या रांगेत, थांबावं लागतं आणि तोवर त्याचा उत्साह मावळतो. त्यापेक्षा टीमकडे आधीच असलेली जुनी लायब्ररी दे, यूस्कॅन (नवी आवृत्ती शोधणारं टूल) चालव, अपस्ट्रीमची, म्हणजे मूळ लेखकांची, नवी आवृत्ती आलीय का बघ, बिल्ड कर, लिंटियन (पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल) काय कुरकुर करतं ते वाच, एका संध्याकाळी होतं हे.

डेबियनच्या पर्ल टीमचं (पर्ल भाषेच्या लायब्ररी सांभाळणारी) बघ, ३००० च्या वर पॅकेजेस सांभाळतात, कारण पॅकेज कुणा एकाच्या मालकीचं नसतं, सगळं साल्सावर (डेबियनचा कोड ठेवायचा गिट सर्व्हर) एकाच ग्रुपमध्ये, एकाच साच्यात, म्हणजे एकजण परीक्षेत अडकला तरी दुसरा हात घालू शकतो.

आणि खरा घोळ होतो स्पॉन्सरमुळे. नवख्याला अपलोडचे हक्क नसतात, कुणीतरी डेबियन डेव्हलपर तपासून अपलोड करतो, आणि तो महिनाभर फिरकलाच नाही तर पोरगं परत येत नाही (आमच्याकडे अशी दोन चांगली पोरं गेली, चूक आमचीच). म्हणून आधी दोन स्पॉन्सर पक्के कर, मग पोस्टर लाव.

फ्रीझच्या (रिलीजआधी नवे बदल थांबवतात तो काळ) तोंडावर वर्कशॉप ठेवू नकोस हां, तेव्हा अनस्टेबलमध्ये (डेबियनची नवे अपलोड येतात ती शाखा) नव्या आवृत्त्या ढकलल्या की रिलीज टीमची डोकेदुखी वाढते, तेव्हा बग निस्तरायला बसव सगळ्यांना.