लहान मुलांच्या डीएनएला एवढ्या कमी वयात इजा कशामुळे होते? आणि इजा दिसली म्हणजे पुढे कॅन्सर होणारच का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. डीएनएची मोडतोड प्रत्येक पेशीत रोज होतच असते आणि पेशी ती बहुतांशी दुरुस्तही करते. इजा दुरुस्तीपेक्षा वेगाने साचू लागली की धोका वाढतो.

ती मोजायची एक सोपी पद्धत म्हणजे गालाच्या आतल्या बाजूवरून हलकेच ब्रश फिरवून पेशी घ्यायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींत मुख्य केंद्रकाशेजारी एक चिमुकला ठिपका दिसतो. त्याला मायक्रोन्यूक्लियस म्हणतात. पेशी विभागताना मागे राहिलेला गुणसूत्राचा तो तुकडा, कधी अख्खं गुणसूत्रच असतं. सुई नाही, रक्त नाही, त्यामुळे मुलांसाठी ही पद्धत उत्तम.

कारणांत माझ्या मते पहिला नंबर धुराचा. वाहनांच्या आणि सिगारेटच्या धुरात बेंझोपायरीनसारखी रसायनं असतात. शरीरात त्यांचं रूपांतर झालं की ती थेट डीएनएला चिकटतात. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, वर त्यांच्या पेशी भराभर विभागत असतात. बाहेरच्या प्रदूषित हवेला २०१३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलंच आहे. गरोदरपणी आईने घेतलेला धूरही बाळापर्यंत पोहोचतो.

बाकी लठ्ठपणा, फळं-भाज्यांचा अभाव (त्यातलं फोलेट हे जीवनसत्त्व कमी पडलं तर दुरुस्तीच रखडते), कडक ऊन. सीटी स्कॅनच्या क्ष-किरणांनीही इजा होऊ शकते, पण गरजेचा स्कॅन या भीतीने टाळू नका.

घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर सुरुवात तिथून करा. ‘गॅलरीत जाऊन ओढतो’ ही पळवाट आहे, धूर कपड्यांवरून आत येतोच.