दासानुदास की सेवकांचा सेवक?

प्रश्न असा आला आहे: पोप पहिले ग्रेगरी पत्रांत स्वतःला 'सेर्वुस सेर्वोरुम देई' म्हणवत. त्याचं मराठी 'देवाच्या सेवकांचा सेवक' करावं, की 'दासानुदास' चालेल? तो शब्द फार वारकरी वाटेल का?

माझं मत 'दासानुदास'कडे. 'सेवक' आता नगरसेवकापासून सेवकवर्गापर्यंत पसरून पार गुळगुळीत झालाय. लॅटिनमधला 'सेर्वुस' म्हणजे सरळ गुलाम, विकत घेतलेला माणूस. ग्रेगरींच्या काळात तो रोजच्या व्यवहारातला शब्द होता. इ.स. 595 मध्ये त्यांनी रोमच्या चर्चच्या मालकीच्या मोंटाना आणि थॉमस या दोन गुलामांना मुक्त केलं, 'आजपासून रोमन नागरिक' असं लिहून दिलं. त्याच वर्षी गॉलमधल्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या) आपल्या कारभाऱ्याला मठांसाठी सतरा-अठरा वर्षांची इंग्रज मुलं विकत घ्यायलाही सांगितलं. असा माणूस स्वतःला 'सेर्वुस' म्हणतो, तेव्हा 'सेवक' फारच मवाळ पडतो. त्यातून हे ग्रेगरी खानदानी घरातले, तरुणपणी रोम शहराचे प्रमुख अधिकारी. पुढे राहत्या वाड्याचाच मठ करून संन्यासी झाले. 590 मध्ये आधीचे पोप प्लेगात गेले आणि गादी यांच्याकडे आली.

एक बारकावा मात्र सांभाळायला हवा. लॅटिन बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात नोहा आपल्या नातवाला, कनानला शाप देतो, तिथेही 'सेर्वुस सेर्वोरुम' हेच शब्द आहेत. पण तिथली षष्ठी 'राजांचा राजा'सारखी आहे: गुलामांतला सगळ्यात हीन गुलाम. तिथे 'दासांचा दास' बरोबर. ग्रेगरींच्या बिरुदात शेवटी 'देई', म्हणजे 'देवाच्या', हा शब्द येतो आणि अर्थच पालटतो. जे देवाचे दास, त्यांची चाकरी करणारा मी. 'दासानुदास'मधल्या 'अनु'त नेमकं हेच आहे, दासांच्या मागून चालणारा दास. एका शब्दात एवढं बसवणारी भाषा हाताशी असताना ती का टाळायची?

वारकरी वाटण्याची भीती धरू नका. 'येशू ख्रिस्ताचा दास पौल' हे मराठी ख्रिस्ती वाचकाच्या कानात पक्कं बसलेलं आहे. पहिल्या उल्लेखाला 'देवाच्या दासांचा दास' असं फोडून द्या, पुढे खुशाल 'दासानुदास' वापरा. पोपच्या औपचारिक आज्ञापत्रांवर हे बिरुद आजही येतं, तेव्हा तिथेही हाच शब्द ठेवा.