वाचक विचारतात: पडद्यामागचं काम शिकायचंय, कुठे जाऊ?

प्रश्न १. ताई, नमस्कार. मी २२ वर्षांची, बडोद्यात दांडिया बाजारात राहते, या वर्षी बी.कॉम. झालं. शाळेपासून मंडळाच्या नाटकांत आहे पण अभिनयात मन नाही लागत, मी सगळी मागची कामं करते. हॉल बुकिंग, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणारं सामान, तिकिटं, गणपतीतल्या पाच दिवसांच्या कार्यक्रमांचा हिशोबपण माझ्याकडेच असतो. मला हेच करिअर करायचंय. बाबा म्हणतात आधी एमबीए कर, नाटक काय हौस म्हणून होत राहील. नेटवर आर्ट्स मॅनेजमेंट, कल्चरल प्रॉडक्शन असल्या नावांचे इतके कोर्स दिसतात की डोकं गरगरतं, आणि फिया बघून तर बाबांना सांगायची हिंमतच होत नाही. बी.कॉम.वालीला हे नीट कुठे शिकायला मिळेल? आणि यात पोट भरतं का?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं बरं का, कारण मंडळाचा हिशोब माझ्याकडेच असतो हे वाक्य तू असं मध्येच टाकून पुढे गेलीस आणि माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. मी पंचवीस वर्षं बडोद्यात प्रदर्शनं आणि नाटकांच्या निर्मितीचं काम करतेय, आणि माझ्याकडे काम मागायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिली विचारते ती डिग्री नाही, एका कार्यक्रमाचा पूर्ण हिशोब दाखव म्हणते. अंदाज किती होता, प्रत्यक्ष किती झाला, फरक का पडला. लाइटवाल्याने आयत्या वेळी जनरेटरचे वेगळे घेतले, लेखकाच्या मानधनाचं कुणाच्या लक्षातच नव्हतं, पासवाले इतके आले की पहिल्या तीन रांगांची तिकिटं विकताच आली नाहीत, असं ज्या वहीत लिहिलेलं असतं ना ती वही मला कुठल्याही मार्कशीटपेक्षा जास्त सांगते. तुझ्याकडे ती आहे. जपून ठेव आणि कुठेही अर्ज करशील तिथे तिची चार पानं जोड.

आता कोर्सचं. माझं मत स्पष्ट आहे, कुणाला पटो न पटो. नुसतं मॅनेजमेंट शिकवणारा कोर्स तुला आत्ता नकोय, तुला एखादी कला किंवा एखादं माध्यम आतून शिकायला हवंय. हिशोब तुला येतोच, बी.कॉम.ने तो पक्काही केलाय. पण नेपथ्याचा माणूस म्हणतो फ्लॅट, म्हणजे सेटची उभी चौकट, सहा फुटांचा हवा, तेव्हा तो का म्हणतोय हे कळल्याशिवाय तू त्याच्याशी पैशांचं बोलूच शकत नाहीस, आणि निर्मितीचं निम्मं काम हे बोलणंच असतं.

आणि हे शिकायला तुला गावाबाहेरही जायला नको, म्हणजे निदान सुरुवातीला तरी. सुरसागर तळ्याच्या काठावरची सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी तुझ्या घरापासून चालत किती लांब आहे? सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली त्याचंच हे रूप, तिथे नाट्यविभाग आहे आणि पदव्युत्तर शिक्षणही आहे. दुसरी जागा त्याच विद्यापीठाची फाइन आर्ट्स. १९५० मध्ये सुरू झालेली ही फॅकल्टी, आपल्या इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे चित्रकला विभागाचे प्रमुख होते, आणि तिथलाच म्युझिओलॉजी म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ चा आहे, देशात या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण पहिल्यांदा सुरू झालं ते इथे. बडोद्याच्याच लोकांना हे माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये लहानपणी आपण सगळेच देवमाशाचा सांगाडा बघायला गेलोय, पण तो सांगाडा, ती ममी, ती चित्रं कोण कशी सांभाळतं, लेबल कोण लिहितं, उजेड किती ठेवायचा कोण ठरवतं, हे एक शिकायचं शास्त्र आहे असं घरी कुणी सांगत नाही.

तू म्हणशील मी नाटकवाली, म्युझियमचं मला काय. सांगते. माझी सुरुवातीची वर्षं होती, बाहेरगावच्या एका संस्थेकडून चित्रं आली होती प्रदर्शनाला. लाकडी पेट्या उघडल्या, भिंतीवर लावली, प्रदर्शन छान झालं, परत पाठवली. आठ दिवसांनी फोन, एका फ्रेमचा कोपरा उडालाय. नखाएवढा तुकडा, सोनेरी मुलामा दिलेलं प्लास्टर. तो आधीच उडालेला होता की आमच्याकडे उडाला हे मी सांगूच शकले नाही, कारण पेटी उघडली तेव्हा मी फोटो काढले नव्हते आणि कागदावर काही लिहिलं नव्हतं. त्या कामाचे माझे सगळे पैसे कापले गेले. वस्तू आली की तिची आहे तशी स्थिती लिहून, फोटो काढून, देणाऱ्या-घेणाऱ्याची सही घ्यायची, याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात, म्युझिओलॉजी शिकणाऱ्याला हे सुरुवातीलाच शिकवतात. मला माझ्या कमाईतून शिकावं लागलं. आणि तेव्हापासून मी नाटकाला भाड्याने आणलेल्या खुर्चीचासुद्धा फोटो काढते.

म्हणून तुझ्यासमोर दोन रस्ते आहेत असं धर. जिवंत प्रयोगाकडे ओढ असेल तर नाट्यविभाग, किंवा पुण्याचं ललित कला केंद्र, किंवा मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकॅडमी, तिथे मराठीतून वावरता येतं ही मोठी सोय आहे. दिल्लीच्या एनएसडीचा, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, तीन वर्षांचा डिप्लोमा आहेच, पण तिथे पदवीबरोबर नाटकांतल्या सहभागाचा अनुभव मागतात, तेव्हा मंडळाकडून प्रत्येक नाटकाचं काय काम केलं ते लिहिलेलं सर्टिफिकेट आत्ताच मागून घे, नंतर सेक्रेटरी बदलतात आणि कुणाला काही आठवत नाही. दुसरा रस्ता वस्तू आणि प्रदर्शनांचा, तिथे म्युझिओलॉजी. सिनेमाची आवड असेल तर मात्र बघ, कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये निर्मिती हाच वेगळा विषय आहे, निर्माता म्हणून शिकवणाऱ्या सरकारी जागा आपल्याकडे फार नाहीत. प्रत्येक ठिकाणची पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाच, बी.कॉम. चालतं का हे कुणा ओळखीच्याला विचारून ठरवू नकोस.

कोर्स निवडताना मी एकच गोष्ट बघायला सांगेन. शेवटच्या वर्षाचं काम ते कुठे दाखवतात आणि बघायला कोण येतं? वर्गातच मास्तरांसमोर होऊन संपत असेल तर फी कितीही कमी असो, विचार कर. तिकीट काढून बाहेरची माणसं येत असतील आणि त्या तिकिटाचा हिशोब मुलांनाच करावा लागत असेल तर तिथे जा.

पोट भरतं का. भरतं, पण पगारासारखं दर एक तारखेला नाही. म्युझियम, गॅलरी, मोठ्या संस्था यांच्याकडे नोकऱ्या असतात, थोड्या असतात. बाकी सगळं कामागणिक. बाबांना हे लपवून सांगू नकोस. त्यांना असं म्हण की पहिली दोन वर्षं मी कुणाचे तरी अकाउंट्स आणि जीएसटी बघून घरात ठरलेले पैसे देईन, तुझं बी.कॉम. इथे खरंच कामाला येतं कारण नाटक कंपन्यांना आणि कलाकारांना हिशोबाचं माणूस कायम हवं असतं आणि कलेची भाषा समजणारं तसं माणूस मिळत नाही. २५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सांस्कृतिक मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं महिना ५००० रुपये, सीसीआरटी या सरकारी संस्थेमार्फत, ती मात्र कलेचं प्रगत शिक्षण घेणाऱ्यांसाठी असते, तू नाट्यविभागात गेलीस तर तिथल्या सरांना लगेच विचार. आणि डिसेंबरात गोव्याचा सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, कोचीचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, असतं, अशा ठिकाणी एकदा तरी हाताखाली काम करून ये, एमबीएचा प्रश्न त्यानंतर परत काढा घरात. एमबीए वाईट नाहीये गं, तिसाव्या वर्षी केलंस तर त्यातलं काय घ्यायचं हे तुला कळेल.

प्रश्न २. मुलीला लंडनला एक वर्षाचा कल्चरल इंडस्ट्रीजचा एमए करायचाय. आम्ही कारेलीबागेत राहतो, घर गहाण ठेवून लोन काढावं लागेल. ती म्हणते तिकडच्या डिग्रीला किंमत आहे. पाठवू का? तिचं नुकतंच बी.ए. झालंय.

उत्तर: दादा, आत्ता नको, दोन वर्षांनी पाठवा. कोर्स चांगले आहेत, किंग्ज कॉलेजचा आहे, आणखीही आहेत, कलेमागचा पैसा, सरकारी धोरण, प्रेक्षक कुठून येतो याचा नीट अभ्यास तिथे होतो. पण एक वर्ष म्हणजे जाऊन थंडीची सवय होईपर्यंत निम्मं गेलं, आणि वर्गात शेजारी जी मुलं असतात ती कुठेतरी काम करून आलेली असतात, त्यांच्याकडे विचारायला प्रश्न असतात. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती सगळा खर्च उचलते पण तिला दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. मुलीला आजपासून तास मोजायला लावा, नाटक, गॅलरी, म्युझियम जिथे असेल तिथलं पत्र घेऊन. दुसरं, शिकून झाल्यावर तिकडे काम शोधायला जो दोन वर्षांचा व्हिसा मिळतो तो १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच मिळणार आहे, तेव्हा तिथे कमावून लोन फेडू हा हिशोब त्यावर मांडू नका. घर गहाण ठेवून तर मुळीच नको, या क्षेत्रात सुरुवातीचे पैसे तिकडेही थोडेच असतात आणि हप्त्याच्या धास्तीने मुलगी मिळेल ती नोकरी धरेल, मग शिकलेलं सगळं बाजूलाच राहील. तिला रागावू नका हं, तिची इच्छा बरोबर आहे, फक्त घाई आहे.

प्रश्न ३. वय ४३, बँकेत नोकरी. आमच्या जुन्या नाट्यमंडळाचे फोटो, हस्तलिखितं, हँडबिलं एका सभासदांच्या माळ्यावर पडून आहेत. हे सगळं नीट लावायचं म्हणून म्युझिओलॉजी किंवा आर्काइव्हचं, म्हणजे जुनी कागदपत्रं जतन करण्याचं, शिक्षण घ्यावं असं वाटतं. उशीर झालाय का?

उत्तर: शिक्षणाला नाही, त्या कागदांना मात्र होतोय. नोकरी सोडून दोन वर्षं कॉलेजात बसू नका. फाइन आर्ट्सच्या म्युझिओलॉजी विभागात जाऊन भेटा, विद्यार्थ्यांना प्रॅक्टिकलला खरी सामग्री हवी असते आणि तुम्हाला हात हवेत. काम थोडं आकाराला आलं की बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे बघा, संग्रह आणि म्युझियमशी जोडलेल्या प्रकल्पांना ते अनुदान देतात. पण आधी पावसाळ्यापूर्वी माळ्यावरचं सगळं खाली उतरवा. फोटोंवर सेलोटेप नको, लॅमिनेशन तर बिलकूल नको, फोटोच्या मागे नाव लिहायचं तर बॉलपेनने नाही, मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, कडेला. आणि मंडळातले जे म्हातारे सभासद आहेत त्यांना एका रविवारी चहाला बोलवा, एकेक फोटो हातात द्या, फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा. ही विंगेत अर्धी दिसतेय ती बाई कोण, हे त्यांच्यातल्याच कुणालातरी ओळखता येईल.