मांड्या धरल्यात? आधी बोटाने दाबून बघ

भाऊ, जळगावच्या मेहरूण तलावाला पहिल्यांदा पळून आलास म्हटल्यावर मांड्या-पोटऱ्या धरणारच. हे दुखणं त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं आणि जिना उतरताना तर जीव काढतं. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं मैदानावर कोणीतरी सांगेलच. ते खरं नाही. ते ॲसिड तासाभरात निघून जातं. सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, त्याचं हे दुखणं. उतारावर पळालं की जास्त.

झोपून राहू नकोस. सपाटीवर सावकाश चाल, सायकल असेल तर हलकेच मार. तेलाने चोळायचं तर चोळ, बरं वाटतं, पण जोर काढू नकोस. जेवणात कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, वरण, दही असू दे. केळी तर आपल्याकडे घरचीच. झोप मात्र पूर्ण हवी.

आता महत्त्वाचं. दोन्ही पायांत पसरलेला ठणका तीन-चार दिवसांत उतरतो. पण नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवून ‘इथं दुखतं’ असं सांगता येत असेल, तर पळणं बंद आणि डॉक्टर गाठ. पोलीस भरतीची पोरं नेमकं हेच अंगावर काढतात, १६०० मीटरच्या वेळेपायी. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि दुखण्यावरची गोळी खाऊन उन्हात पळायचं नाही. जळगावचा एप्रिल आहे हा, मूत्रपिंडावर येतं. पुढच्या वेळी मिनिटभर पळ, दोन मिनिटं चाल, तेही उजाडायच्या आत.