लहानपणी परदेशात आलेल्या मुलाला फुटसालमध्ये करिअर करता येतं का? झिकी तेचं उदाहरण आणि आमचा अनुभव

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही कुटुंबासकट पोर्तुगालला येताय, मुलगा ९ वर्षांचा आहे, फुटसालचं (हॉलमध्ये पाच-पाच जणांत खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलचं) वेड आहे, तर बाहेरून आलेल्या मुलाला इथे वरपर्यंत जाता येतं का की टॉपला सगळे इथलेच असतात.

येतं. आणि याचं इथलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे झिकी ते ("ते" हे आडनाव), पोर्तुगालचा फुटसाल खेळाडू. मी लिस्बनजवळ राहतो, ९ वर्षं झाली, मुलगा ७ वर्षांचा असताना आलो, तो आता १६ चा आहे आणि फुटसालच खेळतो, त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोजचा आहे. उत्तर थोडं लांबेल.

झिकीचा जन्म सप्टेंबर २००१ चा, गिनी-बिसाऊमधला. पश्चिम आफ्रिकेतला छोटासा देश, पूर्वी पोर्तुगालची वसाहत होती. तो लहानपणीच घरच्यांबरोबर पोर्तुगालला आला आणि खेळाडू म्हणून जे काही शिकला ते इथेच, लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या ज्युनिअर टीम्समधून वर आला. मे २०२१ मध्ये स्पोर्टिंगने बार्सिलोनाला ४-३ ने हरवून फुटसालची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) जिंकली तेव्हा हा १९ वर्षांचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिथुएनियात वर्ल्ड कप, म्हणजे २०२० चाच, कोविडमुळे पुढे ढकललेला. २० वर्षं पूर्ण होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले आणि पोरगा पोर्तुगालच्या टीममध्ये. क्वार्टर फायनलला स्पेनला एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२, सेमीला कझाकस्तानला पेनल्टीवर आणि फायनलला अर्जेंटिनाला २-१. पोर्तुगालचा पहिला फुटसाल वर्ल्ड कप. मग चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ ला, नेदरलँड्समध्ये युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा), फायनलला रशियाविरुद्ध ०-२ ने मागे असताना ४-२ ने जिंकले, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोण, तर झिकी. ९ महिन्यांत चॅम्पियन्स लीग, वर्ल्ड कप आणि युरो. एवढं लोकांना अख्ख्या करिअरमध्ये मिळत नाही हो.

आणि तो एकटा नाही. वर्ल्ड कप फायनलचे पोर्तुगालचे दोन्ही गोल पॅनी व्हरेलाने मारले, तो केप व्हर्देत जन्मलेला, त्या वेळी ३२ वर्षांचा. एक २० व्या वर्षी तिथे पोचला, दुसरा ३२ व्या. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडचे आईवडील (मीसुद्धा) १४ व्या वर्षी मुलगा निवडला गेला नाही की संपलं असं समजून बसतात. आणि पोर्तुगालच्या टीमचे कोच जॉर्ज ब्राझ, ज्यांच्या हाताखाली वर्ल्ड कप आणि युरो जिंकले, त्यांचा जन्म कॅनडातला, पोर्तुगालहून तिकडे गेलेल्या कुटुंबातला, मग कुटुंब परत आलं. म्हणजे त्या बेंचवर बसलेल्या माणसाला स्थलांतर म्हणजे काय ते घरातूनच माहीत.

आता इथे एक फरक लक्षात घ्या, कारण लोक सगळं एकत्र करतात. फुटसालमध्ये दुसऱ्या देशात जन्मलेले खेळाडू नवीन नाहीत, २००८ च्या वर्ल्ड कपला इटलीची सगळीच्या सगळी टीम ब्राझीलमध्ये जन्मलेली होती, कझाकस्तानचा गोलकीपर इगिता ब्राझीलचा. पण ते मोठेपणी, तयार खेळाडू म्हणून आले, क्लबने आणले, नंतर पासपोर्ट मिळाला. झिकीसारखा मुलगा वेगळा. त्याला कोणी खेळाडू म्हणून आणलं नाही, तो आईवडिलांच्या मागे आलेलं एक लहान मूल होता आणि खेळाडू इथे झाला. तुमचा मुलगा या दुसऱ्या प्रकारात येणार, म्हणून तुम्ही बघायची वाटही हीच.

झिकी कसा खेळतो ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तो पिव्हो आहे, म्हणजे सगळ्यात पुढे, गोलकडे पाठ करून उभा राहणारा. कोर्ट ४० बाय २० मीटर, प्रत्येकी पाच जण, बॉल आकाराने लहान आणि कमी उसळणारा, त्यामुळे जागा अशी नसतेच. स्पोर्टिंगच्या जुआंव रोशा पॅव्हिलियनमध्ये, ३००० लोकांचं आहे, आम्ही एकदा कोपऱ्याजवळ चौथ्या रांगेत बसलो होतो, तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तो काय करतो. पास येतो, तो बूट पुढे करून तळव्याखाली बॉल दाबतो, बॉल तिथेच चिकटतो. मागे डिफेंडर, त्याचा हात याच्या कमरेला टेकलेला, आणि हा थांबतो. एक सेकंद, दीड सेकंद, काहीच करत नाही, फक्त पाठीने त्या माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघत असतो. ते वजन जरा उजवीकडे गेलं की हा तळव्यानेच बॉल डावीकडे ओढून वळलेला असतो, नाहीतर धावत येणाऱ्या साथीदारासाठी बॉल मागे सोडलेला असतो आणि गोल दुसऱ्याच्या नावावर. टीव्हीवर हे थांबणं दिसतच नाही, वळणं तेवढं दिसतं. माझा मुलगा त्यानंतर कित्येक दिवस पॅसेजमध्ये मागे खुर्ची लावून, खुर्चीवर शाळेची बॅग ठेवून, पाठीने खुर्ची ढकलत बॉल तळव्याखाली घेऊन उभा असायचा, फरशीवर बुटाच्या रबराचा चर्र आवाज रात्री जेवणापर्यंत.

बाहेरून आलेल्या मुलासाठी फुटसाल फुटबॉलपेक्षा सोपं दार आहे असं माझं ठाम मत आहे, आणि कारण अगदी साधं आहे. मोठ्या मैदानावर ११ मुलांमध्ये भाषा न येणारं पोर विंगवर अर्धा तास बॉलला पाय न लावता उभं राहू शकतं. इथे गोलकीपर सोडून चारच खेळाडू, बॉल तुमच्याकडे येणारच, लपायला जागा नाही, आणि बदल्या हव्या तितक्या होतात, बाहेर गेलेला दोन मिनिटांनी परत आत. माझ्या मुलाला पहिल्या दिवशी पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता. त्याचे पहिले तीन शब्द शाळेतले नाहीत, कोर्टवरचे आहेत: "सोझीन्यु", म्हणजे तू एकटा आहेस, वेळ घे. "कॉश्तश", म्हणजे पाठीमागे माणूस आहे. आणि "रोदा", म्हणजे फिर, जागा बदल. पहिल्या आठवड्यात कोणीतरी "कॉश्तश" ओरडलं आणि याने मागे न बघता बॉल बाजूला दिला, तेव्हा ती पोरं एकदम त्याच्याकडे वळून हसली, आणि मी बाकावर बसून रडलो. शाळेत त्याला बोलायला पाच महिने लागले, कोर्टवर पाच दिवस.

आता कागदपत्रं, कारण करिअर अडतं ते इथे.

फिफाचा नियम असा की १८ खालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर (म्हणजे दुसऱ्या देशातल्या क्लबकडे रजिस्ट्रेशन) होत नाही, काही अपवाद सोडून, आणि तुमच्या कामाचा अपवाद म्हणजे आईवडील खेळाशी संबंध नसलेल्या कारणासाठी देश बदलतायत. हे फुटसालला पण लागू आहे. १० वर्षांपासून पुढच्या मुलासाठी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं, त्याआधी नाही. तुमचा मुलगा ९ चा आहे, म्हणजे दहावा वाढदिवस व्हायच्या आत त्याचं पहिलं रजिस्ट्रेशन झालं तर खूप कटकट वाचेल. आमचं ७ व्या वर्षी झालं, काही कळलंही नाही. पण माझ्या मुलाच्या टीममध्ये नंतर एक मुलगा १२ व्या वर्षी आला, फार हुशार खेळाडू, आणि क्लबने त्याच्या आईवडिलांच्या नोकरीचे कागद वेळेवर पाठवलेच नाहीत, सात महिने तो फक्त प्रॅक्टिसला यायचा आणि शनिवारी मॅचला स्टँडमध्ये बसायचा, ट्रॅकसूट घालून, बूट पिशवीत. त्या पिशवीकडे बघवायचं नाही मला. क्लब चांगला होता, पण ऑफिसात एकच माणूस आणि त्याला हे प्रकरण माहीत नव्हतं, म्हणून पाठपुरावा तुम्हीच करायचा, क्लबवर सोडायचं नाही.

देशाच्या टीमचं वेगळं. जन्म, आईवडील, आजीआजोबा यापैकी काहीच त्या देशाशी जोडलेलं नसेल आणि नंतर नागरिकत्व घेतलं असेल, तर फिफा तिथे किती वर्षं राहिलात ते बघतं. पूर्वी नियमात १८ व्या वर्षानंतर सलग ५ वर्षं असं होतं, म्हणजे चार वर्षांचा असताना आलेला मुलगासुद्धा कागदावर २३ पर्यंत थांबणार किंवा अपवादासाठी अर्ज करणार. २०२० मध्ये हे बदललं: १० वर्षांच्या आधी राहायला आला असेल तर ३ वर्षं पुरतात, १० ते १८ च्या मध्ये आला असेल तर ५ वर्षं, आणि त्या देशाकडून खेळायला मिळावं म्हणून आलो नाही हे दाखवावं लागतं. परत तीच १० ची रेघ. तुमचा मुलगा या रेघेच्या अगदी काठावर आहे, म्हणून निघायची तारीख तुमच्या हातात असेल तर शक्यतो वाढदिवसाच्या आत या, आणि आल्याची तारीख सिद्ध करणारे कागद जपून ठेवा (पासपोर्टवरचा शिक्का, शाळेचा दाखला, घराचा करार).

पण त्याआधी नागरिकत्व लागतं, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय सोडावा लागतो आणि मग भारताकडून खेळता येत नाही, कारण आपल्याकडे भारतीय पासपोर्ट असल्याशिवाय नॅशनल टीममध्ये घेत नाहीत. झिकीसारखं लहानपणी आलेल्या मुलाला हा निर्णय १६-१७ व्या वर्षी समोर येऊ शकतो. आमच्या घरी तो आत्ता समोर आहे, आजोबांशी फोनवर बोलणं झालं की दोन दिवस घरात शांतता असते. मुलगा काय म्हणतो ते मी इथे लिहीत नाही, त्याचं त्याला ठरवू देणार आहे. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, फिफाच्या हिशोबात कुठल्याही प्रकारच्या फुटबॉलमधली अधिकृत मॅच मोजली जाते, म्हणजे फुटसालमध्ये एका देशाकडून खेळलात तर मोठ्या मैदानावर दुसऱ्या देशाकडून सहज उतरता येत नाही, देश बदलायच्या अटी कडक आहेत.

पैशाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. फुटसालवर पूर्ण घर चालवणारे खेळाडू थोडेच, पोर्तुगाल आणि स्पेनमधले वरचे क्लब, ब्राझील, इटली, रशिया, कझाकस्तान असे काही ठिकाणी. इथे स्पोर्टिंग आणि बेनफिका सोडून खाली आलात की सकाळी नोकरी आणि रात्री प्रॅक्टिस करणारे खेळाडू भेटतात, पहिल्या डिव्हिजनमध्येसुद्धा. ऑलिंपिकमध्येही हा खेळ नाही, २०१८ च्या ब्यूनोस आयर्स युथ ऑलिंपिकला होता. त्यामुळे शाळा सोडायची नाही हे आमच्या घरी पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. आणि वर्ल्ड चॅम्पियन झालं की पुढे सगळं सरळ असंही नाही, २०२४ च्या वर्ल्ड कपला उझबेकिस्तानमध्ये पोर्तुगाल राउंड ऑफ १६ मध्येच कझाकस्तानकडून १-२ ने हरून घरी आलं. त्या रात्री माझा मुलगा जेवला नाही.

क्लब निवडताना मोठ्या नावाच्या मागे लागू नका. ९ व्या वर्षी तो "बेंजामिन्स" म्हणजे ११ खालच्या गटात जाईल, घरापासून चालत जाता येईल असा वस्तीतला क्लब बघा, एक तास नुसतं बसून बघा की कोच सगळ्यांना खेळवतोय का आणि नवीन पोराशी कोणी बोलतंय का. लिस्बनच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये, आमादोरा, सिंत्राच्या बाजूला, केप व्हर्दे, गिनी-बिसाऊ, अंगोला, ब्राझीलची मुलं इतकी आहेत की तुमचा मुलगा तिथे परका दिसणारच नाही, सगळेच कुठून ना कुठून आलेत.

आणि निघायच्या आधी त्याचा जन्मदाखला परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा शिक्का) करून घ्या, इथे आल्यावर तो करायला परत भारतात पाठवावा लागतो. तुमच्या नोकरीच्या कराराची आणि राहण्याच्या परवान्याची कॉपी क्लबला पहिल्याच दिवशी द्या, आणि दिल्याची पोच घ्या. बूट तिकडून आणताना सपाट रबरी तळवा असलेले इनडोअर बूटच आणा, स्टड असलेले इथे हॉलच्या दारातूनच परत पाठवतात. कुठल्या भागात घर बघताय ते कळवलंत तर तिथले क्लब मी मुलाला विचारून सांगतो, त्याला जवळजवळ सगळे हॉल माहीत आहेत.