२०१२ चा ड्रॅगन्स डॉग्मा हा व्हिडिओ गेम आज खेळायला घ्यावा का, की थेट दुसरा भाग घ्यावा?

पहिलाच घ्या, आणि पीसीवर असाल तर २०१६ ला आलेली डार्क अरायझन ही वाढीव आवृत्ती घ्या. कॅपकॉमचा गेम आहे, डिरेक्टर हिदेआकी इत्सुनो, म्हणजे डेव्हिल मे क्राय या मारामारीच्या गेमवाला माणूस, त्यामुळे मारामारी इतर ओपन वर्ल्ड आरपीजीपेक्षा (मोकळ्या जगात फिरत आपलं पात्र घडवायचे गेम) कितीतरी सरस आहे. सायक्लॉप्स म्हणजे एकडोळ्या राक्षसाच्या अंगावर चढून थेट डोळ्यावर वार करता येतो, ग्रिफिन या गरुडाच्या तोंडाच्या उडत्या प्राण्याचे पंख पेटवले की तो खाली कोसळतो, आणि हे सगळं चालू असताना तुमचे पॉन म्हणजे सोबती एकसारखे ओरडून सांगत असतात की गॉब्लिन आगीला घाबरतात वगैरे, पन्नासदा ऐकून कान किटतात हे खरंय. पण तुम्ही स्वतः घडवलेला मुख्य पॉन ऑनलाइन दुसऱ्या खेळाडूंच्या जगात जाऊन तिथलं ज्ञान शिकून परत येतो ही कल्पना मला अजूनही भारी वाटते.

कमतरता पण भरपूर आहेत. ग्रान्सिसचा, म्हणजे गेममधल्या जगाचा, नकाशा मोठा पण बराचसा ओसाड, गावं मोजकीच, त्याच त्या वाटा पुन्हा पुन्हा तुडवायच्या, कथा मध्ये फार रेंगाळते, आणि सेव्ह स्लॉट, म्हणजे खेळ जतन करायची जागा, एकच. रात्र मात्र खरोखर काळीकुट्ट असते, कंदिलातलं तेल संपलं तर हाल होतात, आणि मला तरी या गेममधलं सगळ्यात आवडतं तेच, दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायची घाई.

दुसरा भाग २०२४ चा, दिसायला अर्थात सुंदर, पण बिटरब्लॅक बेट, म्हणजे पहिल्या भागात नंतर जोडलेला अवघड भुयारी भाग, फक्त डार्क अरायझनमध्येच आहे.